दोन लेझरांमधली जागा

सुईचं टोक सोन्याच्या पट्टीवर टेकलं की मायक्रोस्कोपखाली बारीकसा ओरखडा दिसतो. तो दिसला की हात थांबवायचा. त्याहून दाबलं तर सोनं सोलून येतं आणि तो लेझर कायमचा गेला. मग दुसरी सुई शेजारच्या पट्टीवर. दोन पट्ट्यांच्या मधून आयनांच्या झोताने एक चर कापलेला असतो, म्हणून दोन्ही लेझरांना वेगवेगळा करंट देता येतो. चिप एकच, लेझर दोन, आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रोमीटरची जागा. आमचं सगळं काम त्या जागेविषयी आहे.

हे लेझर चिपच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश सोडतात. ही कल्पना टोकियोच्या केनिची इगा यांची, १९७७ सालची. अशा लेझरला सगळे व्हिक्सेल म्हणतात. गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर अतिपातळ थरांच्या जोड्या एकावर एक चढवून खाली एक आरसा, वर एक आरसा, आणि मध्ये प्रकाश जन्मतो ते क्वांटम वेलचे थर. वरच्या आरशात आम्ही छिद्रं कोरतो, त्रिकोणी जाळीत, ओळीने. जाळीतलं एक छिद्र मुद्दाम गाळायचं; जिथे ते नाही तिथे लेझर. दोन छिद्रं गाळली की दोन लेझर.

अशा जाळीला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. १९८७ साली एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन या दोघांनी, एकमेकांच्या नकळत, अशा रचनेचा विचार मांडला: ठरावीक अंतराने पदार्थ बदलत नेला तर काही तरंगलांबींच्या प्रकाशाला आत वाटच उरत नाही. १९९९ मध्ये कॅलटेकमधल्या शास्त्रज्ञांनी अर्ध्या मायक्रोमीटर अंतरावरच्या छिद्रांच्या जाळीत, एक छिद्र गाळून, त्या जागी लेझर पेटवला. तो चालवायला चिप उणे १३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी लागली होती. आमची छिद्रं त्यापेक्षा बरीच मोठी आणि दूर दूर असतात. ती प्रकाशाची वाट अडवत नाहीत. छिद्रांच्या भागाचा सरासरी अपवर्तनांक तेवढा उतरवतात, आणि त्यामुळे प्रकाश मधल्या भरीव भागात राहतो. नाव एकच असलं तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन विद्यार्थी आला की मी हे पहिल्या दिवशीच सांगते.

करंट सुरू करते. ८५० नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्यांना जवळपास दिसत नाही, म्हणून सगळं पडद्यावर पाहायचं. डावीकडे स्पेक्ट्रम, उजवीकडे दूरवर पसरलेल्या झोताचं चित्र. स्पेक्ट्रममध्ये दोन टोकदार शिखरं उभी राहतात. एकाच चकतीवर, एकाच दिवशी, एकाच भट्टीतून निघालेले हे लेझर. तरी त्यांच्या तरंगलांबीत थोडा फरक असतोच. कुठे एखादं छिद्र जरा रुंद झालेलं असतं, कुठे थर अणूभर जाड असतो. झोताच्या चित्रात त्या वेळी नुसता एक गुळगुळीत गोल दिसतो, कारण दोघे आपापले पेटलेले आहेत.

आता एकाचा करंट हळूहळू वाढवायचा. करंटने लेझर तापतो, आणि तापमान एक अंश चढलं की तरंगलांबी सुमारे ०.०६ नॅनोमीटरने सरकते. एक शिखर दुसऱ्याच्या दिशेने निघतं. जवळ येतं, अगदी जवळ येतं, आणि मग दोन्ही एकदम मिसळून एकच उरतं. त्याच क्षणी उजवीकडचा गोल फुटून उभ्या पट्ट्यांमध्ये विभागला जातो. उजेडाचे आणि अंधाराचे लख्ख पट्टे. दोन लेझर जोडले गेले. हे कितीही वेळा पाहिलं तरी माझा हात नॉबवर तसाच थबकतो.

पण पट्टे नीट पाहावे लागतात. बहुतेक वेळा मधोमध अंधार असतो आणि दोन्ही बाजूंना उजेडाचे दोन पुंजके. म्हणजे दोघे उलट फेजमध्ये आहेत: एका उखळात दोघी जणी कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली असतं, तसे. याचं कारण मधल्या जागेत आहे. तिथे छिद्रं आहेत, तिथे प्रकाश विखुरतो, शोषला जातो. उलट फेजमध्ये दोन्ही लाटा नेमक्या त्या जागी एकमेकींना पुसून टाकतात, तिथे प्रकाशच उरत नाही, म्हणून नुकसानही कमी. ज्या रचनेत कमी वाया जातं तीच आधी पेटते.

आम्हाला हवं असतं ते याच्या उलट. समान फेजमध्ये उजेड मधोमध एकवटतो. दोन स्वतंत्र लेझरांची मधली तीव्रता एकाच्या दुप्पट. समान फेजमध्ये जोडलेल्या दोघांची चौपट. दहा जोडले तर शंभरपट. ऊर्जा कुठून नवी येत नाही, बाजूला सांडणारी मध्ये येते. त्यासाठी मधल्या जागेतलं नुकसान कमी करावं लागतं, आणि एक उपाय म्हणजे दोघांमधलं छिद्र बाकीच्यांपेक्षा लहान कोरायचं. इलिनॉय विद्यापीठात केंट चोकेट यांच्या गटाने या जोडणीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. माझं मत असं झालं आहे की लेझर सुधारण्यात घालवलेल्या दिवसांपेक्षा या एका छिद्रावर घालवलेला दिवस जास्त फळतो.

जोडी जमल्यावर एकाचा करंट आणखी किंचित हलवला, अगदी मिलिअँपिअरच्या लहानशा अंशाने, तर पट्टे सरकू लागतात. आरसा नाही, मोटर नाही, तरी झोत वळतो. फार वाढवला की जोडी तुटते आणि स्पेक्ट्रममध्ये पुन्हा दोन शिखरं.

क्योटोचे सुसुमु नोदा यांनी ही जोडाजोडच टाळली. त्यांच्या लेझरमध्ये फोटॉनिक क्रिस्टलचा एकच सलग थर असतो, आणि सगळ्या क्षेत्रावरचा प्रकाश त्या जाळीतूनच एका लयीत राहतो. २०२३ मध्ये त्यांच्या गटाने ३ मिलिमीटर व्यासाच्या अशा लेझरमधून सलग ५० वॉट काढले, झोताचा फुलाव अवघा ०.०५ अंश. निव्वळ शक्तीसाठी तो रस्ता सरस आहे, हे मी मान्य करते. पण तिथे प्रत्येक भागाला वेगळा करंट देऊन फेज हाताने फिरवता येत नाही, आणि मला तेच हवं आहे.

सध्या स्टेजवर तिघांची चिप आहे, त्रिकोणात. दोघांचं जमतं ते तिघांचं जमत नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट राहायचं असेल तर तिसऱ्याने कोणाच्या उलट राहायचं? ते एकमेकांपासून १२० अंशांच्या फेजवर तडजोड करतात आणि झोताच्या मध्यभागी काळा ठिपका पडतो. पुढच्या चकतीत त्रिकोणाच्या मधलं छिद्र आम्ही लहान ठेवतो आहोत. चौथ्या सुईला मात्र या स्टेजवर जागा नाही, त्यामुळे चार लेझरांची चिप तयार असूनही डब्यात आहे.