जुन्या मोटारींची सफर

मुलांनो, शंभर वर्षांहून जुनी मोटार आजही रस्त्यावर धावते, हे तुम्हांला खरे वाटेल का? इंग्लंडमध्ये दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अशा शेकडो मोटारी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटन शहराकडे निघतात. त्या सर्व १९०५ सालापूर्वी बनलेल्या असतात.

पूर्वी तेथे इंजिनाच्या गाडीपुढे एका माणसाने चालत जावे, असा कायदा होता. १८९६ साली मोटारींची या बंधनातून सुटका झाली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी काही मोटारी ब्रायटनला निघाल्या. त्याची आठवण म्हणून ही सफर असते.

वाट सुमारे ९६ किलोमीटरची आहे. ही शर्यत नव्हे. मुक्कामाला पोहोचणे हाच मान! कितीतरी मोटारींना छप्पर नसते. हँडल फिरवून इंजिन सुरू करावे लागते. बरेच सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते कारागिरांकडून बनवून घ्यावे लागतात.

मग एवढा खटाटोप कशासाठी? मोटार नुसती उभी ठेवली, तर ती गंजते. ती दुरुस्त करणारे हातही आपले कसब विसरतात. मोटार धावत राहिली, तर दोन्ही टिकतात. तुमच्या घरी आजोबांचे जुने घड्याळ असेल, तर त्याला न विसरता चावी द्या.