‘दर दहा फुटांस एक फासा’ : भूमिकाखेळांतील नियमवाक्य आणि पदार्थविज्ञानातील सूत्र

टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांकडे भाषेच्या अभ्यासकाने वळावे, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ह्या खेळांइतका निव्वळ वाक्यांवर उभा असलेला दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. बुद्धिबळात पट आणि सोंगट्या डोळ्यांसमोर असतात. येथे सूत्रधार ‘समोर तटाची भिंत आहे’ असे म्हणतो आणि तेवढ्याने भिंत उभी राहते. खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, आणि कृती सफल झाली की नाही हे फाशांच्या दानावर आणि छापील नियमांवर ठरते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा ह्या प्रकारातील पहिला प्रसिद्ध झालेला खेळ. तो गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत सिद्ध केला. त्या काळापासून एक तक्रार सतत ऐकू येते, ती ही की नियम वास्तवाशी जुळत नाहीत. मग कोणीतरी शालेय पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडतो आणि सूत्रे घेऊन येतो. ह्या सूत्रांनी नेमके काय साधते आणि काय साधत नाही, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरण म्हणून उंचावरून पडण्याचा नियम घेऊ. ह्या खेळात प्रत्येक पात्राचे काही ‘हिट पॉइंट’ असतात. आघात झाला की ते घटतात, आणि शून्यावर आले की पात्राच्या प्राणांवर बेतते. १९७८ साली निघालेल्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधील नियमाचा आशय असा की, पडलेल्या दर दहा फुटांस एक सहा बाजूंचा फासा टाकावा, मात्र एकूण फासे वीसपेक्षा अधिक नसावेत. एका फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे शंभर फुटांवरून पडल्यास सरासरी पस्तीस पॉइंटांची हानी होते. ज्याच्याजवळ ऐंशी पॉइंट आहेत असा कसलेला योद्धा शंभर फुटी कड्यावरून उडी टाकतो, अंगावरची धूळ झटकतो आणि चालू लागतो. एवढेच नव्हे, तर उडी टाकण्यापूर्वी तो मनाशी हिशेब करून निश्चिंत होतो. खेळाडूंना खटकते ते हेच.

ह्या नियमाची जन्मकथा भाषाभ्यासकाने मुद्दाम नोंदवून ठेवावी अशी आहे. १९८३ साली ‘ड्रॅगन’ मासिकातून असा खुलासा करण्यात आला की मूळ हेतू निराळाच होता. पहिल्या दहा फुटांस एक फासा, दुसऱ्या दहांस दोन, तिसऱ्यांस तीन, आणि ह्या सर्वांची बेरीज, असा तो हिशेब होता. हस्तलिखितात ‘दर दहा फुटांस’ ह्या अर्थाचे पद दोनदा आले होते. संपादनाच्या वेळी कोणास ती व्याकरणदृष्ट्या अशुद्ध द्विरुक्ती वाटली, आणि तिच्यातील एक पद गाळले गेले. मूळ हिशेबाप्रमाणे तीस फुटांस सहा फासे, पन्नास फुटांस पंधरा आणि साठ फुटांस एकवीस होतात. म्हणजे साठ फुटांतच मर्यादा ओलांडली जाते. छापील वाक्याप्रमाणे साठ फुटांस सहाच. दोन शब्दांच्या लोपामुळे पुढील अनेक वर्षे असंख्य पात्रे जगली, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत हा घोटाळा इतक्या सहजी झाला नसता असे मला वाटते. वितरणाचा अर्थ व्यक्त करण्यासाठी आपण शब्दाचीच पुनरुक्ती करतो : ‘दहा दहा फुटांना एकेक फासा’. येथे द्विरुक्ती हा दोष नसून तेच व्याकरण होय. ‘दर टप्प्यास एकेक फासा वाढता’ असे म्हटले की दुसरा अर्थही लख्ख होतो. अर्थात् आपल्याकडील मुद्रितशोधक कमी उत्साही असतात असा माझा दावा नाही.

आता सूत्राकडे वळू. स्थिर अवस्थेतून पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचा वर्ग हा गुरुत्वत्वरण व उंची यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतो. दहा फुटांवरून, म्हणजे सुमारे ३.०५ मीटरवरून, पडणारा माणूस सेकंदास ७.७ मीटर वेगाने जमिनीवर येतो. चाळीस फुटांवरून १५.५ मीटर वेगाने. उंची चौपट झाली तरी वेग दुप्पटच होतो. परंतु गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती मात्र उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. उंची दुप्पट, ऊर्जा दुप्पट. उंची दसपट, ऊर्जा दसपट. दर दहा फुटांस एक फासा ही नेमकी ऊर्जेचीच मोजणी आहे! संपादकाच्या चुकीने जो नियम उरला तो पदार्थविज्ञानाशी जुळतो, आणि कर्त्याच्या मनात जो होता तो जुळत नाही. १९८४ साली त्याच मासिकात ह्या प्रश्नावर वाद झाला, आणि हानी ऊर्जेच्या प्रमाणात असावी ही भूमिका तेथे मांडली गेली.

वीस फाशांच्या मर्यादेचे समर्थनही असेच केले जाते. हवेच्या विरोधामुळे पडणाऱ्या माणसाचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, म्हणून फासेही वाढू नयेत, असे ते समर्थन. ते तपासून पाहणे सोपे आहे. आडव्या पडणाऱ्या माणसाचा अंतिम वेग सेकंदास सुमारे ५४ मीटर असतो. निर्वात जागेत तेवढा वेग येण्यास सुमारे १४९ मीटर, म्हणजे ४८८ फूट पडावे लागेल. तेव्हा अंतिम वेगाची ऊर्जा एकोणपन्नास फाशांइतकी झाली, वीस फाशांइतकी नव्हे. हवा जमेस धरून हिशेब केला तर शंभर फुटांस दहाऐवजी नऊ फासे येतात आणि दोनशे फुटांस विसांऐवजी सुमारे साडेसोळा. शंभर फुटांच्या आत हवेची चिंता करण्याचे कारण नाही, आणि वीस फाशांची मर्यादा ही निसर्गाची नसून खेळाच्या सोयीची आहे, हे ह्यातून निष्पन्न होते.

मग मूळ तक्रार मिटली काय? मुळीच नाही. सूत्राने ऊर्जा सांगितली. त्या ऊर्जेचे शरीर काय करते हे सांगितले नाही. शरीराच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न हा की ती ऊर्जा किती अंतरात जिरली. त्यासाठीचे सूत्र अधिकच साधे आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या किती पट मंदन झाले त्याची सरासरी. तीन मीटरवरून उडी टाकून गुडघे वाकवीत अर्ध्या मीटरात थांबलो तर सहा पट. ताठ पायांनी पाच सेंटिमीटरात थांबलो तर साठ पट. उंची तीच, पहिल्या उडीत माणूस घरी जातो, दुसऱ्या उडीत त्याला उचलून न्यावे लागते. १९४४ साली निकोलस आल्केमेड हा ब्रिटिश वैमानिक दलातील सैनिक जळत्या विमानातून सुमारे १८,००० फुटांवरून पॅराशूटशिवाय पडला. पाइनच्या फांद्या आणि बर्फ यांनी त्याला टप्प्याटप्प्याने थांबविले व तो वाचला. माझ्या मते नियमात उंचीपेक्षाही ह्या अंतराला स्थान मिळावयास हवे होते.

येथे मला एक स्वानुभव सांगितला पाहिजे. काही विद्यार्थ्यांसमवेत रविवारी सायंकाळी मी हा खेळ मराठीतून खेळतो, आणि सूत्रधार बहुधा मीच असतो. पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थ्याच्या आग्रहाने वरील भागाकार आम्ही नियम म्हणून स्वीकारला होता. एके दिवशी एका विद्यार्थिनीचे पात्र, जे ती दोन वर्षे खेळत होती, वेढ्यात सापडले. तिने साठ फूट खाली असलेल्या गवताच्या गंजीवर उडी टाकली. गंजीचा उल्लेख मीच तासाभरापूर्वी वर्णनाच्या ओघात केला होता. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, गंजी किती उंच?’

साठ फूट म्हणजे १८.३ मीटर. गंजी दीड पुरुष, म्हणजे २.४ मीटर उंच असून तळापर्यंत दबली असे धरल्यास मंदन साडेसात पट. निम्मीच दबली तर पंधरा पट. कमरेइतकी असेल तर विचारावयासच नको. मी ‘दीड पुरुष’ म्हणालो आणि पात्र वाचले. तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘माझा माणूस खडकावर पडला तेव्हा खडकावर किती माती होती, हे कोणी विचारलंच नाही.’ त्याचे म्हणणे खरे होते. जुन्या नियमात खडक आणि गवत सारखेच असल्यामुळे माझ्या शब्दांवर कोणाचे प्राण अवलंबून नव्हते. नव्या नियमाने ते अवलंबून ठेवले, आणि मी आकडा सांगितला तो उडी टाकून झाल्यावर, त्या मुलीचा चेहरा पाहून. ‘गंजी’ ह्या शब्दात उंची नसते. बोलणाऱ्याला ती ठरवावी लागत नाही, ऐकणाऱ्यालाही चालते. सूत्राला मात्र चालत नाही.

सूत्र कोठे निर्वेधपणे चालते, ह्याचे उदाहरण १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’ ह्या अंतराळविषयक खेळात आहे. निम्म्या वाटेपर्यंत सतत वेग वाढवावा, उरलेल्या निम्म्या वाटेत तो तसाच कमी करावा, ह्या प्रवासास लागणारा काळ म्हणजे अंतर भागिले त्वरण यांच्या वर्गमुळाची दुप्पट. हे सूत्र नियमपुस्तकातच दिलेले आहे. पृथ्वीवरील गुरुत्वाइतक्या त्वरणाने चंद्रापर्यंतच्या ३,८४,४०० किलोमीटरांस साडेतीन तास पुरतात. अंतर चौपट झाले तर सात. येथे अंतर आणि यानाचे त्वरण दोन्ही आधीच लिहून ठेवलेली असतात. शिवाय हे सूत्र खेळाडू निघण्यापूर्वी वापरतो आणि त्यावरून इंधनाचा, पाठलागाचा, भेटीच्या वेळेचा बेत आखतो. सूत्रधाराच्या दयेला तेथे जागा उरत नाही.

राक्षसांच्या देहांविषयी गॅलिलिओने १६३८ साली दाखविलेला हिशेब मात्र ह्या खेळांत न आणलेला बरा. उंची तिप्पट तर वजन सत्तावीस पट आणि हाडांचा छेद नऊ पट, म्हणून अठरा फुटी राक्षसाच्या प्रत्येक हाडावर तिप्पट ताण. हे खरे मानले तर राक्षस उठून उभा राहणेच कठीण, आणि मग त्याच्याशी लढावयाचे कोणी?

गंजीच्या प्रसंगानंतर आम्ही भागाकाराचा नियम रद्द केला नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी जागेचे टिपण करताना प्रत्येक उंचीसमोर खालच्या पृष्ठभागाचे थांबण्याचे अंतरही मी आता लिहून ठेवतो : खडक पाच सेंटिमीटर, नांगरलेले शेत वीस, गवत त्याच्या उंचीच्या निम्मे. ते टिपण टेबलावर पालथे ठेवलेले असते. खडकावर पडलेल्या पात्राचा मालक दुसरे पात्र घेऊन परत आला आहे, आणि तो उडी टाकण्यापूर्वी नेहमी विचारतो, ‘खाली काय आहे?’