पुस्तक की न्हावी?

चाळिशी लागल्यावर नवी लिपी शिकायला बसणे म्हणजे घरच्यांच्या हाती आपणहून कोलीत देणे होय! तरीही गेल्या वर्षी मी मोबाइलवर हिब्रूचे पाठ सुरू केले. अक्षरे अवघी 22, ओळ उजवीकडून डावीकडे. उत्तर बरोबर आले की मोबाइल टुणकन वाजे आणि धाकटी ओरडे, "आई, बाबा पास झाले!"

निमित्त झाले शेजारचे आजोबा. ते बेने इस्रायल. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरची भाषा अस्सल मराठी. मुलगी मात्र इस्रायलात अश्दोदला स्थायिक झालेली, आणि नातू हिब्रूच बोलणारा.

"फोनवर दोघे 'शालोम' म्हणतो आणि गप्प बसतो," आजोबा म्हणाले. "प्रार्थना मला पाठ आहेत हो, मास्तर. पण त्यांत 'जेवलास का?' कुठे आहे?"

मग आमची शिकवणी सुरू झाली. प्रार्थनेच्या पुस्तकात स्वरांच्या खुणा असतात, म्हणून आजोबा ते घडाघडा वाचत. वर्तमानपत्रात त्या खुणा बहुधा नसतात. स-प-र ही तीन व्यंजने दिसली, की 'सेफेर' म्हणजे पुस्तक वाचावे की 'सपार' म्हणजे न्हावी, हे संदर्भावरून ओळखायचे! मी एकदा न्हाव्याला कपाटात ठेवले, तेव्हा आजोबा पोट धरून हसले.

मोबाइलचा उपयोग झाला तो उच्चारासाठी. एकच वाक्य दहादा ऐकवूनही तो कंटाळत नाही. धातूंची गंमत मात्र कागदावरच कळली. क-त-व या तीन व्यंजनांतून 'कातव' म्हणजे लिहिले, 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'क्तोवेत' म्हणजे पत्ता. आपल्याकडे आलेले 'किताब' आणि 'कतबा' हे शब्द अरबीतल्या याच्याच भावंडाचे!

आजोबांची अडचण खरे तर जुनीच. हिब्रू शतकानुशतके पोथीत आणि प्रार्थनेत जपली गेली, पण स्वयंपाकघरात ती नव्हती. एलिएझर बेन येहुदा 1881 साली जेरुसलेमला आले. घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही, असा त्यांनी नेम केला. 1882 साली जन्मलेला त्यांचा मुलगा हिब्रूतच बोलू लागला. रोजच्या वस्तूंना शब्द नव्हते, ते त्यांनी घडवले. आइस्क्रीमला 'ग्लिदा' आणि शब्दकोशाला 'मिलोन' हे त्यांचेच. आपल्या मुंबईतही जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले होते. साधने तेव्हाही होती; पण भाषा घरात आणावी लागते ती माणसानेच.

एका संध्याकाळी आजोबांनी धीर करून फोनवर विचारले, "अखाल्ता?" जेवलास का?

पलीकडून इतके भराभर उत्तर आले, की मला त्यातले अवाक्षर कळले नाही. मी ओशाळून आजोबांकडे पाहिले.

"जेवलाय," आजोबा ठामपणे म्हणाले आणि डोळे पुसू लागले.