परीक्षा होणार की नाही?

२०२० च्या मार्चअखेर कोविडच्या टाळेबंदीत कराडच्या विद्यानगरातली वर्दळ थांबली. कॉलेजची पोरं गावी गेली. खरा छळ मात्र पुढे सुरू झाला: अंतिम वर्षाची परीक्षा होणार का? राज्य सरकार नको म्हणत होतं. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर घ्या म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २८ ऑगस्ट उजाडला.

अशा टांगणीचं मोजमाप लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्येच केलं होतं. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार तेव्हा नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण सर्वाधिक होता! पुढचा अंदाज बांधता येईना की मेंदू शरीराला सतत सज्ज ठेवतो. ही सज्जता महिनोन्‌महिने टिकली तर झोप बिघडते, लक्ष लागत नाही. अशा मुलाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कराडजवळच्या मलकापुरात कृष्णा रुग्णालय कोविड रुग्णांवर उपचार करत होतं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांच्या टांगणीत संसर्गाचीही भर होती.

टांगणीत झोप बिघडली तरी उठण्याची वेळ ठरलेली असली आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला, तर शरीराचं घड्याळ सावरतं. तेवढ्याने भागत नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्या पोरांना तो दोन वर्षं आधी हवा होता.