पाच मिलिसेकंदांचा हिशेब

2004 साली फोक्सवॅगनने पाचव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयसाठी दोन लिटरचं टर्बो इंजिन आणलं. ताकद 200 अश्वशक्ती, आणि पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारणारं. थेट इंजेक्शन तसं जुनंच. मर्सिडीजच्या 300 एसएलमध्ये ते 1954 मध्येच होतं. ईए 113 घराण्यातल्या या इंजिनाने त्याला टर्बोची जोड देऊन ते रोजच्या वापरातल्या गाडीत आणून ठेवलं. अमेरिका-युरोपातल्या हौशी मंडळींनी मग त्याची ताकद वाढवायला घेतली. मोठा टर्बो बसवला की हवा हवी तेवढी मिळते. गाडी अडते ती पेट्रोलपाशी.

त्याचं मूळ वेळेत आहे. 6000 आरपीएमला इंजिनाचा एक फेरा 10 मिलिसेकंदांत होतो आणि पूर्ण चक्राला लागतात 20. जुन्या पद्धतीत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे, हवेच्या वाटेवर बसतो. त्याला ते जवळजवळ सगळे 20 वापरता येतात. थेट इंजेक्शनला मात्र हवा आत येते तेवढाच काळ, म्हणजे साधारण 5 मिलिसेकंद, आणि वर दाबाच्या स्ट्रोकचा थोडा भाग. एवढ्यात सगळं पेट्रोल आत जायचं, तर दाब प्रचंड लागतो. टाकीतला पंप चार-सहा बारने पेट्रोल पुढे ढकलतो आणि इंजिनाच्या डोक्यावरचा यांत्रिक पंप ते शंभर बारच्या वर नेतो.

हा दुसरा पंप या कथेचा नायक. इनटेक कॅमशाफ्टच्या टोकाला तीन उंचवट्यांचा कॅम असतो, तो पंपाचा दट्ट्या दाबतो. इंजिन 6000 वर असताना कॅमशाफ्ट 3000 वर फिरतो, म्हणजे सेकंदाला 150 ठोके. ठोके वाढवता येत नाहीत; म्हणून दट्ट्या जाड करायचा. व्यास एक-पंचमांशाने वाढला की क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढतं आणि प्रत्येक ठोक्याला तेवढंच जास्त पेट्रोल मिळतं.

पण तेवढाच जास्त भारही येतो. 110 बारला दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 112 किलो. कॅम आणि दट्ट्याच्या मध्ये हा भार सोसते एक छोटी पोलादी टोपी, फॉलोअर. तिच्यावर काळा, कठीण लेप असतो. पंपाचे तीन बोल्ट काढले की ती हाताशी येते. कॅमकडची बाजू उजेडात धरावी: सगळीकडे काळी असेल तर ठीक, मधोमध चकचकीत पोलाद दिसू लागलं की लेप गेला. पुढे तिथे भोक पडतं, दट्ट्या थेट कॅमवर घासतो आणि एका छोट्या टोपीपायी कॅमशाफ्ट बदलावा लागतो. मूळ पंपावरही ही टोपी झिजते, जाड दट्ट्यावर तर तिची तपासणी प्रत्येक ऑइल बदलाला झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या ईए 888 इंजिनात तिच्या जागी रोलर आला, तो उगीच नाही.

एकटा पंप बदलून भागत नाही. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरचा, म्हणजे रेलवरचा, सुरक्षा व्हॉल्व्ह मूळ दाबासाठी बेतलेला. दाब वाढवला की तो उघडून पेट्रोल परत पाठवतो. म्हणून लोक ऑडी आरएस 4 चा जास्त दाब सहन करणारा व्हॉल्व्ह लावतात, पुढे इंजेक्टरही मोठे घेतात. टाकीतला पंप कमी पडला तर वरचा पंप कितीही भारी असो, त्याच्या तोंडी पेट्रोलच येत नाही. ही बाजू लोक सर्रास विसरतात.

इथेनॉल मिसळलं की मागणी आणखी चढते. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन कितीतरी जास्त. अमेरिकेत मक्यापासूनचं 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन पेट्रोल पंपावर मिळतं. ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधला अवेळी स्फोट, रोखतं म्हणून ट्यूनिंगवाल्यांचं लाडकं. आपल्याकडे ऊस आणि धान्यापासूनच्या इथेनॉलच्या 20 टक्क्यांच्या मिश्रणातही हाच हिशेब लागू होतो, फक्त कमी प्रमाणात.

काम झाल्यावर निकाल लॅपटॉपवर बघायचा. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन, मोकळ्या ट्रॅकवर, इंजिनाच्या संगणकाने मागितलेला दाब आणि रेलमधला प्रत्यक्ष दाब या दोन रेषा नोंदवायच्या. लाल पट्ट्यापर्यंत त्या चिकटून राहिल्या तर त्या संगणकाचा पुढचा रीमॅप करावा. वरच्या आरपीएमला प्रत्यक्ष रेषा खाली घसरली, तर मिश्रण पातळ होतंय; तिथेच थांबून आधी टाकीतला पंप तपासावा.