नामफलकावरील ठळक अक्षर : रचना आणि उपयोग

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसणे आवश्यक झाले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत दुकानाची दर्शनी बाजू अरुंद आणि नाव लांब, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. अशा वेळी जाड, अरुंद व कोनदार वळणाच्या अक्षरांचा अवलंब केला जातो. ही अक्षरे लक्ष वेधून घेतात. तथापि ती वाचता येतील किंवा कसे, हे त्यांच्या रचनेवर अवलंबून असते.

मजकुराचे अक्षर आणि मथळ्याचे अक्षर यांची कामे भिन्न आहेत. शासकीय कार्यालयांतील संगणकांवर परिचित असलेले 'मंगल' हे मजकुराचे अक्षर होय. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केलेले अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी ते रेखाटले. याउलट, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली प्रसिद्ध केलेला 'टेको' हा अक्षरसंच मथळ्यांसाठी आहे. त्यातील सर्वांत जाड अक्षर एकदोन शब्दांपुरतेच वापरावे, असे अभिप्रेत आहे.

या प्रकारच्या अक्षरांत बोरूच्या वळणातील जाड-बारीक भेद जवळजवळ नाहीसा होतो. गोलाईच्या जागी सरळ रेषा व चौकोनी कोपरे येतात. अक्षराचे पोट गोल न ठेवता आयताकृती केले, तर तेवढ्याच रुंदीत आतील पोकळी अधिक राहते. अरुंद अक्षरास कोनदार वळण सोयीचे ठरते ते यामुळेच.

रेषा जाड होत गेली की ही पोकळी बुजू लागते. 'भांडुप'मधील 'भ'च्या शिरोरेषेतील खंड भरून गेल्यास तो 'म' भासतो. 'घ' आणि 'ध' यांचीही अशीच गल्लत होते. 'विक्रोळी'तील 'ळ'ची दोन्ही वर्तुळे मिटतात. 'कांजूरमार्ग' या नावास वर अनुस्वार व रफार आणि खाली दीर्घ उकार यांसाठी उंचीही पुरेशी लागते. केवळ रोमन अक्षरांच्या मापाने फलक आखल्यास ही चिन्हे दबतात अथवा छाटली जातात.

म्हणून हे अक्षर दुकानाचे नाव, सभेची सूचना, भित्तिपत्रकाचा मथळा यांसाठी योजावे. पत्ता, नियम व तपशील यांसाठी साधे, मोकळे अक्षर वापरावे. शाळा व ग्रामपंचायतींनीही फलक रंगविण्यापूर्वी त्याचा नमुना रस्त्यापलीकडून पाहावा आणि ते नाव ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्यावा. तिला अडखळावे लागल्यास रेषेची जाडी कमी करावी. कायद्याने अक्षराचा आकार ठरवून दिला आहे. त्याची सुवाच्यता मात्र फलक लावणाऱ्यानेच सांभाळावयाची आहे.