एसएनसीयूपर्यंतचा प्रवास : नवजात बाळाला गारठ्यापासून कसे वाचवाल?

समजा, रात्री २ वाजता ग्रामीण रुग्णालयात ३३ आठवड्यांचे, दीड किलोचे बाळ जन्मले. जन्मवजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी किंवा जन्म ३४ आठवड्यांआधीचा असेल, तर बाळाला नवजात शिशू अतिदक्षता कक्षात म्हणजे एसएनसीयूत ठेवावे लागते. तो बहुधा जिल्हा रुग्णालयात असतो. १०८ ला फोन होतो. नातेवाइकांचे सगळे लक्ष गाडीच्या वेगाकडे असते, बाळाच्या गार पडत चाललेल्या पावलांकडे कुणाचे नसते.

अंगात ऊब तयार करणारी तपकिरी चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत साठते. अकाली जन्मलेल्या बाळाकडे ती नसतेच म्हणा. त्याला कुडकुडताही येत नाही. अंग गरम राखण्यात रक्तातली साखर आणि ऑक्सिजन संपत जातो, मग श्वास अडखळतो. तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवे. थर्मामीटर नसेल तर हात लावून पाहा : पोट गरम पण पावले गार, तर बाळ गारठू लागले आहे, दोन्ही गार, तर धोका मोठा.

गाडीत काय करायचे?

बाळाला उघड्या छातीवर घ्यायचे, डोक्याला टोपी, वरून पांघरूण. हीच ‘कांगारू मदर केअर’. कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत, म्हणून १९७८ मध्ये ती सुरू झाली. सिझेरियनमुळे आई मागे राहिली, तर वडील किंवा आजीची छातीही चालते. श्वासासाठी यंत्र लागणाऱ्या बाळाचे मात्र डॉक्टर ठरवतील. गरम पाण्याची बाटली नको, नाजूक कातडी भाजते.

याहून चांगला मार्ग अनेकदा हातातून निसटतो. ३४ आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या आणि हाताशी वेळ असेल, तर बाळ पोटात असतानाच आईला एसएनसीयू असलेल्या रुग्णालयात हलवणे अधिक सुरक्षित. निघण्यापूर्वी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन मिळाले, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला संकोच नको.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) आजारी नवजाताचे सरकारी रुग्णालयातील उपचार, तिथवरची वाहतूक आणि परतीचा प्रवास मोफत आहे. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात खाट रिकामी आहे का, हे डॉक्टरांकरवी फोनवर विचारून घ्या. जन्मवेळ, वजन, दिलेली औषधे आणि शेवटचे दूध कधी पाजले, हे लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा.